पुढच्या पिढीची वारसनोंद

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली सर्वांत मोठी लाभार्थी कोण, असे विचारले तर उत्तर एकच: पुढची पिढी. खाण तिच्यासाठी, वीज तिच्यासाठी, चौपदरी रस्ता तिच्यासाठी आणि या सगळ्यापायी तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली रोपेही तिच्यासाठीच. शिवाय ही लाभार्थी मोठी गुणी. तिचे मतदार यादीत नाव नाही, ती माहितीचा अधिकार वापरत नाही, मोर्चा काढत नाही. जनसुनावणीला तर ती येऊच शकत नाही. सुरजागडच्या लोहखाणीची क्षमता वाढवायची होती, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मधली जनसुनावणी गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. खाण एटापल्ली तालुक्यात, म्हणजे तिथून शे-दीडशे किलोमीटर लांब. हरकत नोंदवायला जन्मलेल्या माणसांनाच एवढे अंतर कापून, पोलीस बंदोबस्तातून वाट काढत जावे लागले. न जन्मलेल्यांनी कोणती एसटी पकडायची?

तरीही समजा, एक दिवस ही पिढी तलाठ्याकडे आलीच. (हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी, दप्तर तेच.) म्हणाली, "साहेब, सगळे सांगतात की जंगल आमच्यासाठी राखून ठेवलंय. तेवढी वारसनोंद करून द्या." साहेबांना दप्तर उघडावे लागेल.

पहिली नोंद निघेल ती 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'ची. आलापल्लीचा साग जगात नावाजलेला. कटाईच्या धामधुमीत मूळचे जंगल दिसायचे कसे, हे पुढच्यांना कळावे म्हणून वनखात्याने १९५३ मध्ये त्यातला एक तुकडा कुऱ्हाडीपासून वेगळा ठेवला. खरोखर दूरदृष्टीचे काम. २०१४ मध्ये त्याला राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. तिथल्या सागाखाली उभे राहून वर पाहिले की मान दुखायला लागते. क्षेत्रफळ सुमारे सहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकर. सगळ्या पुढच्या पिढ्यांत मिळून पंधरा एकर! भावकीत वाटणी निघाली नाही म्हणजे मिळवले.

बाकीच्या सागाचे काय झाले, असे तिने विचारू नये. मार्च २०२३ मध्ये बल्लारपुरातून सागाचे लाकूड अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी निघाले, तेव्हा त्याची पूजा झाली, शोभायात्रा निघाली, रस्त्यांवर रांगोळ्या पडल्या. देवाच्या दाराला आपल्या रानातले लाकूड लागले याचा आनंद चंद्रपूरकरांना झाला, तो खराच होता. पण उभ्या सागाला एवढा मान या दोन जिल्ह्यांत कधी मिळाल्याचे ऐकिवात नाही. इथे सन्मानासाठी आडवे व्हावे लागते.

दुसरी नोंद सुरजागडची. इथला डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा. दरवर्षी यात्रा भरते, आजूबाजूच्या इलाक्यातली गावे येतात. त्याच डोंगरात लोहखनिज निघाले, हे देवाचे दुर्दैव. २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहने जाळली, काही काळ सगळे थंडावले, मग पोलीस आले आणि टिप्परच्या रांगाही आल्या. २०२३ मध्ये उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. २०२५ मध्ये खनिज धुऊन-चाळून त्याचा कस वाढवण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन देण्याची शिफारस केंद्रातल्या समितीने केली. त्यात झाडे जाणार सुमारे १ लाख २३ हजार. अर्थात एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. एकदम तोडली तर तो विध्वंस, टप्प्याटप्प्याने तोडली तर ते नियोजन.

आणि त्याच वर्षी गडचिरोलीत एक कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला गेला! सव्वा लाख वजा, एक कोटी जमा. हिशेबनिसाने याहून काय करावे? एकच बारीक अडचण आहे. गडचिरोली जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग आधीच जंगलाखाली आहे. उरलेल्यात धानाच्या बांध्या, बोड्या, नद्या, गावे आणि सरकारी कार्यालये. मग एक कोटी खड्डे खणायचे कुठे? त्याचे उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे: आधी जागा मोकळी करायची.

वृक्षलागवडीच्या बाबतीत चंद्रपूर जिल्ह्याचा हात धरणारा जिल्हा मात्र राज्यात नाही. बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार वनमंत्री असताना २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ४, १३ आणि ३३ अशी मिळून ५० कोटी झाडे लावायचे ठरले. माणशी चार झाडे, तान्ह्या बाळांसकट. शाळा, पोलीस, बँका, एनसीसी, सगळे फावडी घेऊन उतरले. उद्दिष्टापेक्षा जास्त झाडे लागल्याचे आकडे आले. सरकार बदलल्यावर २०२१ मध्ये त्यातली जगली किती, हे पाहायला आमदारांची समिती नेमायचे ठरले. नंतर सरकार पुन्हा बदलले. झाडांपेक्षा सरकारे भराभर बदलतात, हा काही रोपांचा दोष नव्हे.

तरीही नकाशावर जंगल फारसे घटत नाही, आणि याचे श्रेय व्याख्येला द्यायला हवे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी एक हेक्टर जागेत दहा टक्के सावली वरून दिसली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कोणते, हे विचारायचे नाही. निलगिरीची ओळीत लावलेली बाग आणि ऐन, बिजा, मोह, तेंदूचे शंभर वर्षांचे रान उपग्रहाला सारखेच हिरवे. त्या रानात मोहफुले वेचणारी बाई तर तेवढ्या उंचीवरून दिसतच नाही.

चंद्रपुरात आल्यावर वारसाहक्काचे स्वरूप बदलते. इथे जमिनीपेक्षा हवेत वाटा जास्त. २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र राज्य सरकारच्या वीज केंद्रांतले सर्वांत मोठे, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथे आले. दहावीला एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. इथे नव्या उद्योगांवर काही काळ बंदी आली. पुढच्याच उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि वीज केंद्राचे संच बंद ठेवायची पाळी आली. शहर मात्र अजूनही उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत नेमाने झळकते.

याच शहरापासून गाडीने तास-दीड तासावर ताडोबा. १९५५ चे राष्ट्रीय उद्यान, राज्यातले सर्वांत जुने. लोहारा गावाजवळ कोळसा खाण यायची होती, तेव्हा २००९ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे १४ दिवस उपोषणाला बसले आणि प्रकल्प मागे गेला. २०२० मध्ये वाघांच्या भ्रमणमार्गातला 'बंदर' नावाचा कोळसा पट्टा लिलावातून वगळला. म्हणजे अडवले तर अडते, असेही दप्तरात लिहिलेले सापडते. पण ती पाने मधोमध चिकटलेली असतात.

वाघ वाढले, जिल्ह्यात ते दोनशेच्या घरात गेले, तसा त्यांच्यावरही कामाचा ताण वाढला. ताडोबाच्या बफरमध्ये रामदेगीच्या टेकड्यांत एका तरुण वाघाने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर काढली. ती चित्रफीत फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर फिरली. बाटली कोणत्या जातीची असते, कुठून येते, हे प्रत्येक पर्यटकाला ठाऊक आहे. तरी फीत पाहून देश गहिवरला, वाघाचे कौतुक झाले, 'स्वच्छतादूत' म्हणून झाले. त्या वाघाला मानधन सुरू झाले नाही, एवढीच काय ती कसर राहिली.

हत्तींची गोष्ट थोडक्यात. २०२२ मध्ये ताडोबातले आणि आलापल्लीकडच्या पातानीलचे सरकारी हत्ती ट्रकमध्ये घालून जामनगरला पाठवले गेले. कमलापूरचे लोक अडून बसले म्हणून तिथले हत्ती राहिले. त्याआधीच, २०२१ मध्ये, छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप कोणाची मंजुरी न घेता पायी गडचिरोलीत शिरला आणि धानाच्या बांध्यांतून चालू लागला. पाळलेले पाठवायचे आणि आलेले हाकलायचे, असे हत्तीविषयक धोरण सध्या आहे.

उपहास एका ठिकाणी थांबतो. मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. सत्तर पानांचे एक पुडके, आणि पुडक्यांच्या हिशेबावर शाळेची पुस्तके, पावसाळ्याचे मीठ-तेल. त्यासाठी बायका पहाटेच रानात शिरतात, ऊन चढायच्या आत परतायचे असते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मेंढामाळच्या जंगलात वाघाने एकाच वेळी तीन बायकांचा बळी घेतला. त्या महिन्यात जिल्ह्यात आणखीही माणसे गेली. पुढच्या पिढीसाठी वाघ वाचवायचा याबद्दल मुंबईत एकमत आहे. हंगाम बुडाला तर पानाची मजुरी कोण देणार, यावर मात्र चर्चासत्र भरत नाही.

आता दप्तरातली सर्वांत अडचणीची नोंद. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायदा २००६ चा, त्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाचे. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाड ठरलेला, म्हणजे खात्याचा. वनस्पतिशास्त्रात तो गवत. बल्लारपूरच्या कागदगिरणीला या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे गेला, तेव्हा त्याच्या जातीची चौकशी कोणी केली नव्हती. गावाने विकायचे म्हटल्यावर शास्त्रार्थ सुरू झाला. वाहतुकीच्या परवान्याविना, म्हणजे टीपीविना, बांबू जंगलाबाहेर जाईना आणि टीपीचे पुस्तक खात्याच्या टेबलाखालून हलेना.

शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि त्यांनी ते पुस्तक ग्रामसभेच्या देवाजी तोफांच्या हातात दिले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही हजर. एक पावतीपुस्तक द्यायला दिल्लीचा मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री लागला, यावरून त्या पुस्तकाचे वजन कळावे. गावाला बांबूतून कोटीच्या घरात रक्कम मिळाली, जंगल संपले नाही, खात्याची भाकिते संपली. बांबू १९२७ च्या कायद्यातून 'झाड' म्हणून बाहेर पडायला मात्र २०१७ साल उजाडले.

तोवर मेंढ्याने आणखी एक उपद्व्याप केला होता. २०१३ मध्ये सगळ्या गावाने आपापली शेतजमीन ग्रामदानात गावाच्या नावे केली. बाहेरच्याला विकायला आता कोणाचा एकट्याचा सातबाराच नाही. हे मतदानाने झाले नाही. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतो, एक जण जरी अडला तरी पुन्हा बसायचे. सहमती होईतो किती बैठका लागतील याचा नेम नाही, त्यामुळे विकासाच्या वेगाशी हे गाव कधीच जुळवून घेऊ शकले नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव त्याहून हट्टी. २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला आणि गावाने बांबूचा व्यवहार स्वतः मांडला. तेंदूपत्त्यात रोख पैसा असतो, तोही दर हंगामाला. पण कोवळी पाने यावीत म्हणून झुडपे छाटतात, रानाला आगी लावतात. ते रानाला पोषक नाही आणि रान पोसले गेले नाही तर बांबूही नाही, असा हिशेब करून पाचगावने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. समोरचा पैसा सोडला. या ठरावात पुढच्या पिढीचे नाव घालायचे त्यांना सुचले की नाही, कोण जाणे.

अशा गावांना वृक्षलागवडीच्या एखाद्या पुरस्कारासाठी अर्ज करायचा झाला, तर मोठी पंचाईत होईल. 'लावलेल्या रोपांची संख्या' या रकान्यात काय लिहायचे? पाचगावने जे केले ते न तोडण्याचे काम. न तोडलेल्या झाडाला खड्डा नसतो, ट्री गार्ड नसते, प्रायोजकाचा फलक लावायला जागा नसते. उद्घाटनाची तारीखही सांगता येत नाही, कारण रोज सकाळी ते पुन्हा न तोडलेलेच असते. पालकमंत्री वेळ काढून आलेच, तर त्यांना फावडे धरून उभे कुठे करायचे?