मुस्कुराइए, पैसे वसूल व्हायचेत

लखनौत उतरलं की जागोजागी एक पाटी भेटते : 'मुस्कुराइए, आप लखनऊ में हैं.' मराठी पर्यटक ही पाटी वाचतो, बॅगा मोजतो आणि हसणं तूर्तास राखून ठेवतो. हसायला त्याची ना नाही. पण सहलीचे पैसे त्याने दिवाळीआधीच भरलेले असतात. तेव्हा आधी माल दाखवा, हसायचं मग बघू.

जगातल्या तमाम प्रेक्षणीय स्थळांचा निकाल लावायला आपल्याकडे दोनच शेरे आहेत. पहिला 'पैसे वसूल'. दुसरा 'एकदा बघायला ठीक आहे'. नायगारापासून पिरॅमिडपर्यंत सगळे या दोन खणांत बसवून झालेत. दुसऱ्या शेऱ्यातली गंमत अशी, की पुन्हा बघायला या म्हणून कोणी आग्रह केलेला नसतो. तरी आपण आधीच नकार कळवून मोकळे होतो.

लखनौची पाळी हल्ली जास्त येते. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या राममंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली आणि काशी-प्रयागराज-अयोध्या ही यात्रा घरटी एक या दराने सुरू झाली. पुष्कळांचं परतीचं विमान लखनौहून, तेही संध्याकाळचं. म्हणून मग दिवसभरात लखनौ. नवाबांनी घडवलेलं अख्खं शहर आपण विमानाला वेळ आहे म्हणून बघतो.

सुरुवात अर्थातच बडा इमामबाडा. १७८४ साली अवधात दुष्काळ पडलेला असताना नवाब आसफउद्दौलाने लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. थोडक्यात, रोजगार हमी योजना. आख्यायिका अशी, की दिवसा रयतेने बांधायचं आणि रात्री अंधारात खानदानी मंडळींनी येऊन थोडं पाडायचं. म्हणजे त्यांनाही तोंड न दाखवता मजुरी. आपण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, पाझर तलाव खणले. नवाबाची ती रात्रीची कल्पना मात्र आपल्याकडे पुढे रस्तेबांधणीत कायमची रुजली. फरक एवढाच, की आपल्याकडे पाडायला माणसं लावावी लागत नाहीत. पहिला पाऊस पुरतो.

आतलं दालन साधारण पन्नास मीटर लांब, सोळा मीटर रुंद आणि पंधरा मीटर उंच. मधे खांब नाही, वर तुळई नाही, लोखंडाचा तुकडा नाही. ग्रुपमधले निवृत्त अधीक्षक अभियंते इथे पहिल्यांदा गप्प होतात. एवढी कमान पेलायची तर वरचं ओझं हलकं हवं, म्हणून वरच्या भागात पोकळ वाटा ठेवल्या. त्याच वाटा म्हणजे प्रसिद्ध भुलभुलैया. शास्त्र एवढंच. पण गाइडचं पोट शास्त्रावर भरत नाही. तो ४८९ एकसारखे दरवाजे सांगतो, फैजाबादला आणि थेट दिल्लीला जाणारी भुयारं सांगतो. मंडळी अर्ध्या तासात बाहेर येतात आणि तक्रार करतात, 'हरवलो कुठे? काही नाही हो, उगीच नाव केलंय.' हरवू नये म्हणून गाइडला मोजून पैसे दिले होते, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

खरी चीज त्या दालनाच्या सज्जात आहे. गाइड मंडळींना एका टोकाला उभं करतो, स्वतः दुसऱ्या टोकाला जातो आणि काडेपेटीची काडी ओढतो. पन्नास मीटरवरून ती 'फर्र' अगदी कानाशी ऐकू येते. मग तो कागद फाडतो. तेही ऐकू येतं. सगळे अवाक होतात. एवढ्यात पलीकडच्या टोकाला रेंज मिळालेल्या एक काकू सुनेला फोनवर दबक्या आवाजात सांगतात, 'तुझ्या आईला म्हणावं, चार दिवस झाले की आता.' दालनातल्या चाळीस माणसांना सूनबाईंच्या आईचा मुक्काम कळतो. ध्वनिशास्त्राचं याहून चोख प्रात्यक्षिक कोणाही गाइडला जमलेलं नाही. पैसे वसूल.

तिथून पुढे हुसैनाबाद. वाटेत साठ फुटी रूमी दरवाजा, इस्तंबूलच्या एका दरवाजावरून बेतलेला. 'चला, तुर्कस्तान झालं.' छोट्या इमामबाड्याच्या आवारात ताजमहालाची छोटेखानी नक्कल आहे. 'आग्र्याचा वळसा वाचला.' पलीकडे २२१ फुटांचं घंटाघर, १८८१ साली सर जॉर्ज कूपर या बड्या इंग्रज साहेबाच्या सन्मानार्थ उभारलेलं. साहेब गेला, राज्य गेलं, आणि घड्याळही पुढे कित्येक वर्षं बंद पडून होतं. साहेबाला खूश करण्यासाठी केलेल्या कामाची देखभाल पुढचा साहेब करत नाही, हा नियम सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही नवा नाही.

जवळच सतखंडा. नावात सात मजले, प्रत्यक्षात चार. नवाब मुहम्मद अली शाहने वरून शहर न्याहाळता यावं म्हणून हा मनोरा काढला. १८४२ मध्ये तो वारला आणि काम चौथ्या मजल्यावर थांबलं ते थांबलंच. बाकीच्यांना इथे काही बघण्यासारखं वाटत नाही. ठाणे-पिंपरीकडचे लोक मात्र हात जोडतात. सातचं आश्वासन, चारवर काम बंद, आणि तक्रार करायला महारेरासुद्धा नाही. घरची आठवण येते.

मग इंग्रजांची रेसिडेन्सी. १८५७ च्या उन्हाळ्यात इथे वेढा पडला तो नोव्हेंबरपर्यंत चालला. तोफगोळ्यांनी भिंतींना पाडलेली भोकं अजून तशीच आहेत. वेढ्याची आठवण म्हणून इथे युनियन जॅक रात्रीसुद्धा उतरवत नसत; तो खाली आला थेट ऑगस्ट १९४७ मध्ये. पण आमच्या मंडळींचा प्रश्न वेगळाच : 'पडक्या घराला तिकीट?' सदाशिव पेठेतल्या एकांचं म्हणणं, आमचा वाडा याहून जास्त पडलाय, आम्ही कधी तिकीट लावलं नाही. मुद्दा रास्त आहे. रेसिडेन्सी पुण्यात असती तर एव्हाना पुनर्विकासाला गेली असती, आणि वेढ्यात इंग्रजांचे प्रमुख सर हेन्री लॉरेन्स जखमी झाले त्या जागी दुचाकींचं पार्किंग आलं असतं.

नवाब गेले, पण बांधायची हौस या शहरातून गेली नाही. नवाबांनी इमामबाडे बांधले, मुख्यमंत्र्यांनी बागा. मायावतींचं आंबेडकर स्मारक १०७ एकर. अखिलेश यादवांचं जनेश्वर मिश्र पार्क ३७६ एकर, लंडनच्या हाइड पार्कवरून बेतलेलं. मग भाजपने तरी मागे का राहावं? डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्र प्रेरणा स्थळाचं उद्घाटन झालं. तिथे ६५ फुटांचे तीन पुतळे. दर सत्तांतराला शहराची हिरवळ वाढते, हा लोकशाहीचा पर्यावरणीय फायदा कोणी मोजलेला नाही.

यातलं आंबेडकर स्मारक बघून मराठी माणूस म्हणतो, 'हत्तीच हत्ती, दुसरं काय!' हत्तींची खरी शान जानेवारी २०१२ मध्ये होती. विधानसभेची निवडणूक आली आणि हत्ती हे बसपचं चिन्ह म्हणून आयोगाने सगळे दगडी हत्ती झाकायला लावले. उघडे होते तोवर ज्यांच्याकडे फारसं कोणी बघत नव्हतं, ते कापडात गुंडाळल्यावर देशभरच्या पहिल्या पानावर आले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. झाकला हत्ती मोजायला लाख पुरत नाहीत. पण हत्ती मोजण्याच्या नादात एक गोष्ट सुटते. हे स्मारक डॉ. आंबेडकरांबरोबरच फुले आणि शाहू महाराज यांच्याही स्मरणार्थ आहे. खेड्यापाड्यांतून इथे येणारी माणसं वाकून नमस्कार करतात. ती 'बघायला' आलेली नसतात. आणि ज्यांच्या मुलुखातले हे तिघे, ते कोल्हापूर-पुण्याचे लोक 'आपले शाहू महाराज इथे कसे?' असं विचारत बसमध्ये चढतात. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठाला शाहू महाराजांचं नाव मिळालं होतं. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा किंग जॉर्जचं लागलं. स्वतंत्र भारतात छत्रपतींची पाटी उतरवून इंग्रज राजाची चढली, आणि एवढ्या तेवढ्यावरून बस फोडणाऱ्या महाराष्ट्राला ते ऐकूही आलं नाही. ऐकू यायला सगळीकडे इमामबाड्याचं दालन नसतं.

तरीही आपण लखनौला नावं ठेवताना जरा जपून. आपल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये अरबी समुद्रात झालं. ते स्मारक आजवर एकाही पर्यटकाला अपुरं वाटलेलं नाही. कारण तिथे अजून समुद्रच आहे.

दुपार झाली की जेवण. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनेस्कोने लखनौची पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून निवड केली. त्या शहरात आमची बस एका हॉटेलच्या मागच्या अंगणात थांबते, कारण सहलीबरोबर आपला स्वयंपाकी असतो. मेनू : पिठलं, भाकरी, ठेचा, आणि शेवटचा दिवस म्हणून श्रीखंड. तिकडे चौकात १९०५ पासून टुंडे कबाबीचं दुकान चालू आहे. एक हात नसलेल्या हाजी मुराद अलींवरून ते नाव पडलं. दुकान साधंच. परातीएवढ्या तव्यावर तुपात चपट्या टिक्क्या सुटत असतात. तिथला गलावटी कबाब चिमटीत उचलायला गेलं तर मोडतो, आणि चावायच्या आत विरघळतो. दात पडलेल्या नवाबासाठी तो शोधला, असं सांगतात. म्हणजे कवळी लावणाऱ्यांचा विचार करून केलेला हा एवढा एकच शाही पदार्थ, आणि ज्येष्ठ नागरिक विशेष सहल तिथून दोन किलोमीटरवर भाकरी भिजवून खाते.

मांसाहार करत नाही? हरकत नाही. थंडीच्या सकाळी चौकात मक्खन मलाई मिळते. घुसळलेल्या दुधाचा केशरी फेस, पानाच्या द्रोणात. जिभेवर ठेवला की संपला. यावर डोंबिवलीच्या काकांचा आक्षेप असा, की वजनावर घेतलं आणि तोंडात काहीच उरलं नाही, ही शुद्ध फसवणूक आहे. चिकनच्या कुर्त्यांच्या बाबतीत मात्र फसवणूक झालेली त्यांना कळत नाही. 'हाताचं काम, हाताचं काम' म्हणत काकूंनी घेतलेल्या डझनभर कुर्त्यांची उलटी बाजू पाहावी. सगळे टाके शिस्तीत एकाच मापाचे आले तर तो हात मशीनचा.

एव्हाना लखनौचा कायदा लक्षात आला असेल. जे दाखवण्यासाठी बांधलं, ते फसलं : कोणाचं घड्याळ बंद पडलं, कोणाचे तीन मजले राहून गेले. जे गरजेपोटी झालं, ते पुरून उरलं : दुष्काळात मजुरी म्हणून उभं राहिलेलं दालन, दात नसलेल्यासाठी वळलेला कबाब.

या दुसऱ्या यादीतलं सर्वात मोठं नाव मराठी आहे, आणि नेमकं तेच आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नसतं. कैसरबागेत नवाब वाजिद अली शाहचा परीखाना आहे. तिथे तो नाचगाण्याची तालीम देववत असे. आज तिथे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. बस समोरून जाते तेव्हा मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, 'भातखंडे? म्हणजे आपल्यातलेच ना?' गाइड म्हणतो, म्यूझिक कॉलेज है. बस पुढे जाते.

वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे वकिली सोडून देशभर हिंडले. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, पुढे उत्तरेत, पूर्वेकडे. राजवाडे आणि देवळं बघायला नव्हे. संगीताचं शास्त्र कोणाला ठाऊक आहे हे विचारायला. आणि या थोर पर्यटकाचा पदोपदी भ्रमनिरास झाला. पंडितांना जुन्या ग्रंथांबद्दल विचारावं तर समाधानकारक उत्तर नाही. उस्तादांकडे चीज मागावी तर ते हात आखडता घेणार. आपल्यापैकी कोणी असता तर 'एकदा ऐकायला ठीक आहे' म्हणून घरी आला असता. भातखंड्यांनी शेकडो चिजा मिळवून स्वरलिपीत छापल्या, राग दहा थाटांत लावले, हिंदुस्थानी संगीतावरचा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. मग १९२४ आणि १९२५ मध्ये लखनौत संगीत परिषदा भरल्या आणि १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज निघालं. गव्हर्नरचं नाव लागलेल्या त्या कॉलेजाचे प्राचार्य दीर्घकाळ श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. तलत महमूद तिथेच शिकला. गव्हर्नरचं नाव जाऊन १९६६ मध्ये भातखंड्यांचं लागलं. सरकारं येतात-जातात, ते अजून कोणी बदललेलं नाही. २०२६ हे त्या कॉलेजाचं शंभरावं वर्ष.

तेव्हा भ्रमनिरास व्हायचाच असेल तर तो या तोलाचा होऊ द्या, ज्यातून निदान एखादी शाळा तरी निघेल. तेवढं जमत नसेल तर एक सोपं काम करा. पुढच्या सहलीचा पहिला हप्ता भरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत कैसरबाग आहे का ते विचारा. नसेल तर भांडून घालायला लावा. श्रीखंडाची वाटी लहान आली म्हणून आपण याहून जास्त भांडलेलो आहोत.