बारनिशीतली नोटीस

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत भरली पाहिजे आणि तिची नोटीस सभासदांच्या हाती पूर्ण १४ दिवस आधी पडली पाहिजे, असा कायदा व उपविधी यांचा संयुक्त हुकूम असल्यामुळे संस्थांच्या कचेऱ्यांत भाद्रपदात जी धांदल उडते, तीत यंदा आमच्या चिटणीसांनी एका नेटवर्क प्रिंटरची भर घातली. हे यंत्र तारेवाचून, केवळ हवेतून आज्ञा ग्रहण करते, एवढे गुणवर्णन कानी पडताच समितीने खरेदीचा ठराव एकमताने संमत केला. आज्ञा देणारा संगणक मात्र विंडोज ७ या २००९ साली गादीवर आलेल्या व १४ जानेवारी २०२० रोजी तैनात बंद झालेल्या राजवटीचा एकनिष्ठ सेवक आहे, ही बाब इतिवृत्तात कोणी नमूद केली नाही.

अशा दोघांमध्ये ड्रायव्हर नामक दुभाषी लागतो. प्रिंटरबरोबर आलेला दुभाषी ६४ बिटी दरबारातला आणि आमचा संगणक ३२ बिटी, तेव्हा प्रथमदर्शनीच त्याने रुजू होण्यास नकार दिला. रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेझर प्रिंटरच्या ड्रायव्हरची मूळ संहिता नाकारण्यात आली, तेव्हाच्या त्यांच्या रोषाची परिणती पुढे १९८३ साली घोषित झालेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमात झाली, असे सांगतात. आमच्या समितीने आपला सर्व रोष वाहनतळाच्या वाटपासाठी राखून ठेवलेला असल्याने एक जुना, सामाईक बोली जाणणारा ड्रायव्हर शोधून काम भागविण्यात आले.

खरा पेच पुढेच होता. राउटर हा या मुलखाचा कमाविसदार. तो प्रत्येक यंत्रास पत्ता देतो, पण वतन म्हणून नव्हे, मुदतीच्या पट्ट्याने. रात्री वीज जाऊन परतली, तेवढ्यात प्रिंटरचा १९२.१६८.१.५ हा पत्ता खालसा होऊन त्याची रवानगी १९२.१६८.१.९ या जागी झाली, आणि हे फर्मान संगणकापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे तो बिचारा जुन्या घराच्या ९१०० क्रमांकाच्या दरवाजावर इमानेइतबारे थाप मारीत राहिला. प्रिंटर हजर, संगणक हजर, कमाविसदार तर सदैव हजर. तिघांचेही वर्तन नियमास धरून. कागद तेवढा कोरा.

दरम्यान चिटणीस दर थोड्या वेळाने छपाईची कळ दाबीत होते. स्पूलर हा या कचेरीचा बारनिशी कारकून असून आलेला प्रत्येक कागद क्रमवार नोंदवून ठेवणे आणि योग्य वेळ येईपर्यंत त्याविषयी अवाक्षर न काढणे हेच त्याचे व्रत आहे. मूळ मसुदा कितीही वेळा दुरुस्त केला तरी त्याच्याकडे आधी दाखल झालेली प्रत दुरुस्त होत नाही, हे मात्र चिटणीसांस कोणी सांगितले नव्हते.

अखेर वरच्या मजल्यावरील एका महाविद्यालयीन मुलीने राउटरच्या दफ्तरात प्रिंटरचा पत्ता कायमचा नेमून दिला, तोच संगणकासही कळविला, आणि यंत्र घरघरू लागले. पहिल्या प्रथम बाहेर आला तो अगदी आरंभीचा मसुदा, ज्यातील थकबाकीदारांच्या यादीत अध्यक्षांचे नाव अग्रभागी होते व जो अध्यक्षांच्या सूचनेवरून तत्काळ मागे घेण्यात आला होता. चिटणीस त्या वेळी चहास गेले होते, आणि यंत्रातून निघेल तो कागद विनाविलंब घरोघर पोहोचवावा असा लेखी आदेश पहारेकऱ्यास त्यांनीच सकाळी दिलेला होता.