कडेनं धरा!

पौडला अण्णांच्या ओसरीवर चहा मिळतो, पण तो निवांत पिता येत नाही. "कप ठेवा खाली, हात पुसा," म्हणत अण्णा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन येतात. एस.टी.त कंडक्टर असताना लोकांची चिल्लर मोजली, आता स्वतःची मोजतात. "कडेनं धरा, कडेनं! बोटाला घाम असतो." समोर जावई असो की तलाठी, दम सारखाच.

डब्यातला मानकरी म्हणजे पूर्व आफ्रिकेचा शिलिंग. डोंगरांपुढं उभा सिंह. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं बघायचं नाटक करत तो पटकावलेला; किंमत काकूंना अजून कळलेली नाही. "साल १९४२. आता भिंग घ्या. बारीक 'आय' दिसला? म्हणजे मुंबईच्या टाकसाळीतला! सिंह त्यांचा, बाळंतपण आपल्याकडं."

मग दहा सेंटचं भोकाचं नाणं, भोकाच्या दोन्ही अंगांना हत्तीचे सुळे. "हस्तिदंत झांजिबारवरून मुंबईलाच यायचा ना!" शेजारी लगेच आपला १९४३चा भोकाचा पैसा. त्याला भोक पडलं ते युद्धात तांबं वाचवायला.

"तिकडं आधी आपलाच रुपया चालायचा. मोंबासाची रेल्वे आपल्या मजुरांनी बांधली. पहिल्या महायुद्धानंतर चांदी भडकली, रुपया चढला. गोऱ्या मळेवाल्यांचं कर्ज रुपयात, माल विकायचा पौंडात. बसले बोंबलत! १९२०ला रुपया काढून फ्लोरिन आणला, १९२१ला शिलिंग. आणि १९२१ला इकडं काय झालं?"

इथं चहा गार होतो. मुळशीचा सत्याग्रह: सेनापती बापट, रामनवमी, टाटांचं धरण, बुडालेली भातखाचरं. नाणं कुठल्याही मुलखाचं असो, अण्णांची गाडी मुळशीच्या भिंतीलाच येऊन थांबते.

गेल्या दिवाळीत काकूंनी समयांबरोबर एक शिवराईही चिंचेनं घासून लख्ख केली. दोनशे-तीनशे वर्षांचा काळपटपणा पाच मिनिटांत मोरीत. अण्णा सांगतात, दोन दिवस घास उतरला नाही. काकू म्हणतात, "आंबेमोहराचा भात दोनदा मागून घेतला."

परवा मला एस.टी.साठी दहा रुपये सुटे हवे होते. अण्णांनी खिशातून नाणं काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि तेवढ्यात परत उचललं. उजेडात धरलं.

"सालाखाली तारा आहे. हैदराबादचं! हे राहू दे." आणि आत तोंड करून, "अगं, दहाची नोट आहे का?"

तोवर एस.टी. गेली.