चाकूंची छाटणी

खिशात मावणारा घडीचा चाकू, म्हणजे ज्याचे पाते मुठीच्या खाचेत मिटते असे अवजार, मुळात एकच पुरावा अशा हेतूने घडवला गेला असला, तरी संग्राहक नावाच्या प्राण्याने हा हेतू कधी मान्य केलेला नाही. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा जो साधा चाकू बनवला, त्याची पुढे १ ते १२ अशी मापे निघाली, आणि त्यांपैकी १ व ११ ही मापे १९३५ मध्ये बंद झाली. छाटणीचे हे विरळा यशस्वी उदाहरण, आणि तेही विकणाऱ्याच्या बाजूचे! विकत घेणारा मात्र ‘निवडक’ या शब्दाची व्याख्या सोयीने रुंदावतो : एक रोजचा, एक प्रवासाचा, एक १९५५ नंतरचा, म्हणजे उघडे पाते अवचित मिटू नये म्हणून फिरते कडे बसवलेला, आणि एक त्या कड्याविना, कारण तुलनेला काही हवेच. १८९७ मध्ये नोंदवलेल्या स्विस अधिकाऱ्यांच्या चाकूत बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री आकडाही असल्याने तो चाकू नव्हे, हत्यारपेटी ठरतो, आणि म्हणून मोजणीतूनच सुटतो. सफरचंद अर्थात ओट्यावरच्या सुरीनेच कापले जाते.