बिल यजमानाचं, डोळे पाहुण्याचे

चंद्रपूर-मूल रस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यावर सावजी मटण ओरपून झालं, की बडीशेपेच्या ताटलीखाली दबून बिल येतं. यजमान ते न वाचताच खिशात हात घालतो. पाहुण्याला मात्र उलटं धरलेलंही वाचता येतं : तंदुरी रोटी १४. खाल्ल्या नऊ. बोलावं, तर 'पाहुणा रोट्या मोजत होता' हा ठपका. गप्प बसावं, तर यजमानाच्या पाच रोट्या पाण्यात. धीर करून बोललंच, तर यजमान हसून म्हणतो, "राहू द्या ना भाऊ, पोरगं हाय, चुकलं असंन!" उदार तो ठरला, कंजूष आपण. तेही त्याच्याच पैशांवर!

एखादा जाणकार आणखी पुढे जातो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, हे तो वेटरला समजावतो. नियम खरा आहे. जाणकाराला पुन्हा जेवायला कोणी बोलावत नाही, हेही खरं.

वैनगंगेपलीकडे मामला नाजूक. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात ती २०१५ साली आली नि २०२१ मध्ये गेली. म्हणून तिकडच्या बिलात 'सोडा ६' दिसला, तर ती चूक आहे का, हे शहाण्यानं विचारूच नये.

रोट्यांचं मात्र जमू शकतं. यजमान हात धुवायला गेला, की काउंटरवर जाऊन नऊ लिहून घ्या. आणि तिथं चारच लिहिल्या असतील, तर तेही सांगा.