पिशव्यांपाशी कोण बसणार?

कुठल्याही मोठ्या बागेत, जत्रेत, वॉटर पार्कात जा. एखाद्या झाडाखाली पिशव्यांच्या गराड्यात एक माणूस बसलेला दिसतोच. भोवती चपलांचे जोड, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा तरी चष्मा, आणि मांडीवर भलत्याच कुणाची तरी पर्स. बिचारा आला कशाला, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं. पण सहल सगळ्यात जास्त कुणाची झाली असेल तर त्याचीच, असं माझं मत होत चाललंय.

आमच्या घरात हे पद आत्याकडे होतं. तिने ते कधी मागितलं नव्हतं आणि कुणासाठी सोडलंही नाही.

मी सांगतोय ती वसई नव्वदच्या दशकातली. तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, महानगरपालिका यायला 2009 साल उजाडायचं होतं आणि पोरांच्या करमणुकीचं खातं देवांकडे आणि पोर्तुगिजांकडे होतं. कार्तिकात निर्मळची जत्रा, नवरात्रात विरारला जीवदानीचा डोंगर आणि उरलेलं वर्षभर वसईचा किल्ला. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगिजांकडून एवढी माणसं खर्ची घालून घेतलेला हा किल्ला आम्हाला लपंडावाला मिळाला होता. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये लपायचं, ‘आत साप आहे’ म्हणून एकमेकांना घाबरवायचं. तिकीट नाही, रांग नाही. जत्रेतला पाळणा त्यामानाने खर्चिक. तो माणसं हाताने ढकलत आणि आपण नेमके वर असताना त्यांना विडी ओढायची आठवण होई.

अशा सुखी संसारात टीव्हीवर ती जाहिरात आली. घरी परत न जाण्याची जाहीर घोषणा करणारं ते गाणं मराठी, गुजराती, कुपारी ख्रिस्ती, सगळ्या घरांतली पोरं ओरडून म्हणत आणि आया म्हणत, “नको येऊस, आधी ताटातलं संपव.” गोराईला 1989 साली सुरू झालेलं एस्सेल वर्ल्ड आमच्या घरात हे असं शिरलं.

तसं पाहिलं तर गोराई लांब नाही. किल्लाबंदरला उभं राहिलं की खाडीपलीकडे उत्तनची बाजू दिसते आणि उत्तनच्या खाली गोराई. पण खाडी मधे होती. मुंबईकर मंडळी बोरिवलीहून लाँचने ऐटीत जात. आमचा प्रवेश मागच्या दाराने: गावातून एस.टी.ने नवघर, वसई रोडहून लोकलने भाईंदर आणि पुढे बस. 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आहे. आता माणूस स्कूटरसकट खाडी ओलांडतो. ही बोट तेव्हा असती तर आमची पहिली राइड बुडाली असती. विरारहून भरून आलेल्या लोकलमधून, पिशव्या आणि पोरांसह, भाईंदरला उतरणं! नायगाव गेलं की काका सेनापतीच्या आवाजात सूचना देत: “पोरं मधे, पिशव्या वर, आत्या शेवटी.” आत्या शेवटी का, तर ती उतरेपर्यंत गाडी हलायची नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

पिशव्यांबद्दल सांगायला हवं. एकीत चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि उकडलेली अंडी. मीठ-मिरपूड कागदाच्या पुडीत वेगळी. दुसरीत पंचे, ओडोमॉस, अमृतांजन आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेलं, कंदील सोडून बाकी सगळं. तिसरीत सुकेळी. आमच्याकडच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून केळीच्याच वाळक्या सोपटात घट्ट बांधलेली, गडद तपकिरी, चिकट, हातात धरली की वास बोटांना संध्याकाळपर्यंत. ही पिशवी आत्या कुणाकडे देत नसे. पोर रडलं की त्याच्या तोंडात एक सुकेळं. तोंड चिकटलं की रडं आपोआप बंद.

काकांची सहल निराळी. एकदा तिकीट काढलं की हव्या तितक्या राइडमध्ये हव्या तितक्या वेळा बसा, हे कळल्यापासून त्यांचं डोकं चालू झालं होतं. तिकिटाच्या रकमेला राइडींच्या संख्येने भागायचं. झिपर डिपरमधून उतरले तेव्हा चेहरा कच्च्या केळ्याच्या रंगाचा झालेला, तरी भिंतीला टेकून म्हणाले, “चला, परत रांगेत.” दुपारच्या डब्याला त्यांनी पंधरा मिनिटं मंजूर केली. ऊन उतरता उतरता एका राइडचा भाव निर्मळच्या पाळण्याच्या खाली आला, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा फुलला. आम्ही एका अंधाऱ्या राइडमध्ये किंचाळत होतो, काका अंधारात बोटं मोजत होते.

या हिशेबात एकच भोक होतं. आत्याचंही तिकीट लागलं होतं.

“अगं, कशात तरी बस!” काका तळमळून सांगत.

“बसलेय की मघापासून,” आत्या म्हणे.

आणि ती खरंच बसलेली असे. कसलाही कंटाळा नाही, चुळबुळ नाही. चारही बाजूंनी लोखंड खडखडतंय, माणसं देवाचा धावा करतायत आणि मधे ही पदर खांद्यावर घेऊन शांत. पुढे त्याच आवाराशेजारी ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा राहिला. एका वेळी आठ हजार माणसांना ध्यानाला बसता येईल एवढा, मधे एकही खांब नसलेला घुमट. 2009 साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. लोक आश्चर्य करत, एवढ्या किंकाळ्यांच्या शेजारी ध्यान कसं जमत असेल. आमच्या घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

फक्त आत्याचे डोळे उघडे असत. परतीच्या गाडीत आम्हाला कुणी विचारलं तर आमचं उत्तर एकच, “खूप मज्जा आली.” वर्णन संपलं. आत्याकडे मात्र आठवडाभर पुरेल एवढा ऐवज असे. हिरवा चुडा भरलेली नवी नवरी पाळण्यातून हसत उतरली आणि नवऱ्याला दोघांनी धरून आणलं. एका शाळेच्या बाईंनी मुलं मोजली तर एक जास्त भरलं. पुन्हा मोजली, तरी जास्तच. मग तो जास्तीचा मुलगा आपणहून म्हणाला, “मी यांचा नाही, मला फक्त रांग आवडली.” हे सगळं आमच्यापासून वीस पावलांवर घडत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

पुढे जगच आमच्या दाराशी आलं. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या वाड्यांमध्ये रिसॉर्ट झाले. पंपाच्या हौदात उडी मारली म्हणून ज्या आजोबांनी आम्हाला फोकाने बडवलं होतं, ते मुंबईची माणसं पैसे मोजून टाकीत डुंबताना बघून गप्पच झाले. मग शिरसाड फाट्यावरून आत, पारोळच्या बाजूला ग्रेट एस्केप वॉटर पार्क. त्या बाजूला आम्ही पूर्वी जायचो ते वज्रेश्वरीला; वसई मिळू दे म्हणून चिमाजी अप्पांनी नवस बोललेली देवी ती. दर्शन घ्यायचं, अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडायचे. आता पोरं देवीला गाडीतूनच नमस्कार करतात आणि नायलॉनच्या कपड्यांत रेन डान्सला पळतात.

आणि तिथे लॉकर असतात. किल्ली रबरात ओवून मनगटात घातली की झालं. पिशव्यांपाशी बसायची गरज नाही. आत्याचं पद एका झटक्यात रद्द! आम्ही जरा काळजीतच होतो. ती शांतपणे लॉकरसमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, “लॉकरवर कुणी लक्ष नको ठेवायला?”

एस्सेल वर्ल्डच्या राइड गेली काही वर्षं बंद आहेत. शेजारचं, 1998 सालचं वॉटर किंगडम तेवढं चालू आहे. ही बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली त्या रात्री सगळे हळवे झाले. प्रत्येकाने आपापल्या शौर्याची यादी टाकली. माझ्या चुलतभावाने तर हूला लूपमध्ये आपण डोळे उघडे ठेवून बसलो होतो, असं चार ओळींत लिहिलं. खाली हृदयं, टाळ्या, रडके चेहरे. मग आत्याचा आवाजी निरोप आला. तिला टाइप करायचा कंटाळा.

“अरे, तू त्यात बसलास कधी? दर वेळी रांगेतून परत येत होतास. माझ्यापाशी येऊन पाणी प्यायचास आणि दुसऱ्या बाजूने जाऊन त्यांच्यात मिसळायचास. मी बोलले नाही इतकंच.”

ग्रुपवर बराच वेळ शांतता. शेवटी काकांचा निरोप आला. वय वर्षं ऐंशीच्या पुढे, पण बोटं अजून तयार.

“म्हणजे माझा भागाकार चुकला होता.”