प्रेमाला कोटा नाही

अमेरिकेत एमएस करायला निघालेला मुलगा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या खिडकीसमोर उभा राहतो, तेव्हा त्या देशाच्या कायद्यानं त्याच्याबद्दलचं मत आधीच बनवलेलं असतं: हा इसम कायमचा राहायला चालला आहे. तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं असतं. मग तो सांगतो की नाशिकला घर आहे, वडिलांचा कारखाना आहे, पदवी हातात पडली की मिळेल त्या विमानानं परत. तीन वर्षांनी तोच मुलगा अमेरिकी नागरिक मुलीशी लग्न करून ग्रीन कार्डाचा अर्ज टाकतो, आणि तेच सरकार आता संसार थाटण्याचा इरादा खरा असल्याचे पुरावे मागतं. कायद्याला यात विसंगती दिसत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती नाहीच. इरादा तपासायचा तो देशात शिरतानाचा. पुढे मन बदललं तर तो गुन्हा नव्हे. फक्त ते फार लवकर बदलू नये. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेनुसार, आल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न करून तिथंच मुक्काम ठोकणाऱ्यानं व्हिसा मागताना खोटं सांगितलं असावं, असं धरून चालतात. २०१७ पर्यंत या हिशेबात ३० आणि ६० दिवसांचे टप्पे होते. म्हणजे पूर्वी ६१व्या दिवशी केलेलं लग्न निष्पाप ठरायचं, आता त्यासाठी ९१वा दिवस उजाडावा लागतो. महागाई सगळीकडेच वाढली आहे.

‘कागदासाठी लग्न करणारी पोरं’ म्हणून बोटं मोडायला इथून सुरुवात करता येते, आणि बरेच जण करतातही. पण कागदाची आणि लग्नाची गाठ मारली ती पोरांनी नव्हे, अमेरिकी संसदेनं. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, त्यांत अर्जदारांची बायकामुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. लोकसंख्या मोजायची तसदी १९९०च्या कायद्यानं घेतलेली नाही. परिणामी भारतात जन्मलेल्या इंजिनियरची रांग दशकांत मोजावी लागते. त्या रांगेच्या शेपटाला पोचणंही सोपं नाही. शिक्षणानंतर ‘ओपीटी’ या परवानगीवर वर्षभर काम, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी दोन वर्षं, आणि तेवढ्यात एच-वन या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागायला हवी, जिच्या जागा बहुतांश कंपन्यांसाठी मिळून ८५,०००. नागरिकाच्या जोडीदाराला मात्र वार्षिक मर्यादा नाही आणि देशाचा कोटाही नाही. इतकंच काय, मधल्या काळात विद्यार्थ्याचं स्टेटस बुडालेलं असलं, तरी तो देशात रीतसर तपासणी होऊन शिरलेला असेल तर नागरिकाशी लग्न झाल्यावर ती चूक बहुतेक वेळा पोटात घातली जाते. अकलेला कोटा आणि प्रेमाला मुभा, अशी ही व्यवस्था. घराच्या ज्या एकाच दारावर रांग नाही त्या दारात गर्दी होणार, हे समजायला समाजशास्त्र लागत नाही.

मात्र दार उघडं ठेवून सरकार स्वस्थ बसत नाही. ते दारात प्रेमाचा वास घेणारा अधिकारी बसवतं. अर्जासोबत संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विमा, फोटो. संशय आलाच तर नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून दोघांना तेच प्रश्न: पडद्यांचा रंग कोणता, आधी कोण उठतं, काल रात्री काय जेवलात. या चौकशीला स्टोक्स इंटरव्ह्यू म्हणतात. गंमत अशी की, ज्या खटल्यातल्या १९७६च्या समझोत्यानं न्यूयॉर्कमधल्या अशा जोडप्यांना वकील सोबत आणण्यासारखे हक्क मिळवून दिले, त्याच खटल्याचं नाव झडतीला चिकटलं. आता या कसोटीला आपल्याकडची रौप्यमहोत्सवी जोडपी बसवून पाहा. पंचवीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या गृहस्थाला पडद्यांचा रंग सांगता येणार नाही, किंबहुना घरात पडदे आहेत हीच त्याला बातमी असेल. संयुक्त खातं नाही, कारण व्यवहार सासरे बघतात. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर. दोघांचा एकत्र फोटो आहे, पण मध्ये आत्या बसलेल्या आहेत. अर्ज नामंजूर. उलट ज्यांचं लग्न खरोखर बनावट आहे ते अभ्यास करून येतात आणि त्यांची उत्तरं पाठ असतात. खऱ्याला नापास करण्याची आणि तयारीच्या खोट्याला पास करण्याची इतकी चोख सोय आपल्या विद्यापीठांनाही जमलेली नाही.

हा उपहास आहे म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या न्यायालयांनाही हे कळून चुकलं होतं. बार्क नावाच्या कोरियन विद्यार्थ्याचा खटला १९७५मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात गेला. तो आणि त्याची बायको कोरियापासूनचे प्रेमी. ती आधी अमेरिकेत स्थायिक झाली, तो आधी व्यवसायाच्या आणि मग विद्यार्थी व्हिसावर आला, दोघांनी हवाईत लग्न केलं आणि पुढे भांडून वेगळे झाले. वेगळे झाले म्हणजे लग्न खोटंच होतं, असा निष्कर्ष इमिग्रेशन खात्यानं काढला. न्यायालयानं खात्याला समजावलं की प्रश्न एवढाच, लग्न करताना एकत्र आयुष्य काढायचा इरादा होता का. परदेशी माणसाचा संसार नागरिकांच्या संसारापेक्षा अधिक यशस्वी असावा, ही सक्ती करता येत नाही. पण संसदेला धीर कुठला? १९८६मध्ये तिनं खास कायदा केला. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्डही दोन वर्षांपुरतंच, आणि मुदत संपताना दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. त्या वेळी ३० टक्के लग्नं संशयास्पद असल्याचा आकडा संसदेपुढे मांडला गेला. पुढे उघड झालं की पाहणीत सिद्ध झालेली फसवणूक मोजलेलीच नव्हती, मोजले होते ते अधिकाऱ्यांचे संशय. मार खाणाऱ्या बायकोला नवऱ्याच्या सहीवाचून अर्ज करता यावा, ही सोय धड व्हायला त्यानंतर आणखी चार वर्षं गेली. खोटी लग्नं पकडायला टाकलेल्या जाळ्यात आधी सापडली ती खरी, पण दुःखी लग्नं.

यावर पहिला आक्षेप येतो दलालांचा: पैसे मोजून नवरा-बायको भाड्यानं पुरवणारे आहेत की नाहीत? आहेत, आणि त्यांच्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बनावट लग्न एकदा सिद्ध झालं की पुढे खरं प्रेम जडलं तरी त्या जोडीदाराचा अर्ज मंजूर होत नाही. जरूर पकडा त्यांना. पण दलाल टंचाईवर जगतो. रांग वर्षा-दोन वर्षांची असती तर त्याचं दुकान कधीच बसलं असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नागरिकाला आपल्या जोडीदारासोबत राहण्याचा हक्क आहे, त्याला कोटा लावायचा का? मुळीच नाही. पण ज्या तत्त्वाचा हा दाखला आहे ते कायद्यानं कधीच सरळ पाळलेलं नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला आजही वार्षिक मर्यादा आहे, जणू शपथ घेऊन नागरिक होईपर्यंत माणसाच्या प्रेमात भेसळ असते. समलिंगी जोडप्यांचं प्रेम तर जून २०१३पर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईतो, या हिशेबात शून्य होतं. मग सरकार तपासतं ते नक्की काय? उत्तर त्याच्याच एका फॉर्ममध्ये आहे. जोडीदार सरकारी मदतीवर पडणार नाही, अशी हमी नागरिकाला द्यावी लागते, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं, आणि ही हमी घटस्फोटानंतरही सुटत नाही. सप्तपदीपेक्षा चिवट अशी ही एकच शपथ त्या देशात उरली आहे, आणि ती पैशाबद्दलची आहे.

राहिला तिसरा आक्षेप, तो आपल्या घरातला: आमच्यात असले कागदी व्यवहार होत नाहीत. होत नाहीत, कारण ते उघड होतात. ‘एच-वन’ आणि ‘ग्रीन कार्डधारक’ हे शब्द विवाहविषयक जाहिरातींत ‘उंच, गोरी’ यांच्या शेजारी सुखानं नांदतात. स्थळ बघताना मुलाचं स्टेटस विचारणं ही आईवडिलांची दक्षता, आणि तेच मुलानं स्वतः विचारलं की फसवणूक! इमिग्रेशनचा अधिकारी प्रेम आधी आणि कागद नंतर असा क्रम मागतो. आपण कागद आधी बघतो आणि प्रेम होईल हळूहळू म्हणतो. त्या अधिकाऱ्याला कोकणस्थ वधूवर मेळाव्यात एक दिवस बसवलं तर तो संध्याकाळपर्यंत सगळ्या मांडवावर खटला भरेल. आणि भरू नये, कारण खुद्द त्याच्या कायद्यातच कागद आधी बघायला लावणारं एक कलम आहे. ७ टक्क्यांचा देश ठरतो तो नागरिकत्वावरून नव्हे, जन्मस्थळावरून, आणि नोकरीच्या रांगेतल्या माणसाला आपल्याऐवजी जोडीदाराच्या जन्मस्थळाचा देश लावून घेता येतो. म्हणजे वडील मस्कतला नोकरीला असताना तिथं जन्मलेली, पासपोर्टानं भारतीय, आडनावानं जोशी अशी मुलगी मिळाली, तर पुण्यात जन्मलेला इंजिनियर भारताची रांग सोडून ओमानच्या कितीतरी आखूड रांगेत जाऊन उभा राहतो, तेही संपूर्ण कायदेशीरपणे. अशा मुलींच्या आईवडिलांनी पत्रिकेत गण-नाडीच्या वर जन्मस्थळ ठळक छापावं, आणि देण्याघेण्याची बोलणी निघाली तर या वेळी आकडा आपण सांगावा.